सर्दीची गोळी आणि लाल एल

ब्रेक मी दाबला नाही, सरांनी दाबला.

ड्रायव्हिंग क्लासचा सातवा दिवस. सकाळचे पावणेसात, शिरसोली रोड. पुढे कापसाचा ट्रॅक्टर चाललेला, ट्रॉलीवर ताडपत्री आणि ताडपत्रीच्या फटीतून बाहेर आलेला कापसाचा एक पुंजका वाऱ्यावर हलतोय. तो पुंजका मला अगदी स्वच्छ दिसत होता. त्याच्याकडेच बघत होते. ट्रॉली जवळ येतेय, पाय उचलून ब्रेकवर न्यायला हवा, हेही कळत होतं. पण ते कळणं आणि पाय उचलणं यांच्यामध्ये कुणीतरी उशी ठेवल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात गाडी गचकन थांबून बंद पडली. क्लासच्या गाडीला मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, म्हणून मी आज हे लिहिते आहे.

सर ओरडले नाहीत. हँडब्रेक ओढला, काच खाली केली आणि विचारलं, "ताई, झोप झाली नाही का?"

"झाली की. चांगली सात तास."

"मग गोयी खाई लिनी का काही?"

सर एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलतात. घाबरले की अहिराणीवर येतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि हो, गोळी मी खाल्ली होती. रात्री साडेदहाला, सर्दीची.

आता थोडं मागून सांगते. माझं वय 43, जळगावात एका हायस्कुलात गणित शिकवते. स्कूटर वीस वर्षं चालवतेय, पण चारचाकीचं कधी नाव काढलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात सासऱ्यांना दोनदा रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली. दोन्ही वेळा हे फिरतीवर आणि गाडी दारात उभी. तिसऱ्या वेळेची वाट बघायची नाही असं ठरवलं आणि दिवाळीआधीच लर्निंगचा अर्ज भरला.

हल्ली लर्निंग लायसन्स आधारवरून घरबसल्या निघतं. कॅमेऱ्यासमोर मान न हलवता 15 प्रश्न सोडवायचे, 9 बरोबर आले की पास. मला 14 आले. त्यात एक प्रश्न दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल होता. पर्याय असे की खाजगी गाडीत चालतं, रात्री चालतं, की सगळ्याच वाहनांत मनाई आहे. हा प्रश्न कुणाचा चुकत असेल असं वाटत नाही. नवरा मागे उभा राहून हसला, म्हणाला, "हे फुकटचे मार्क." डिसेंबरात तोच फुकटचा मार्क त्याला महागात पडणार होता, पण ते पुढे येईलच.

अर्जात तब्येतीचं स्वयंघोषणापत्र असतं, नमुना 1. फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का. चाळिशीच्या पुढच्यांना याशिवाय डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, नमुना 1अ. मी ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळे बघितले, कान बघितले, बीपी घेतला आणि प्रमाणपत्र ऑनलाइन चढवून दिलं. सात-आठ मिनिटांचं काम. रोज कुठलं औषध घेता का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. कारण सर्दीच्या गोळीला मी औषध समजतच नव्हते. जळगावात कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंग कारखान्यांच्या बाजूने वारा आला तरी माझं नाक वाहायला लागतं. ऑक्टोबर ते जानेवारी रात्री एक गोळी, हे माझ्यासाठी दात घासण्यासारखं होतं. पट्टी संपली की मेडिकलवाला दुसरी देतो, चिठ्ठी वगैरे काही लागत नाही.

शिरसोली रोडवरून परत येताना गाडी सरांनी चालवली. घरी आल्यावर पर्समधली पट्टी काढून चष्मा लावून वाचली, आयुष्यात पहिल्यांदा. पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन. संध्याकाळी त्याच डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, असं असं झालं. त्यांचा चेहरा जरा पडला, मग नीट समजावून सांगितलं. यातलं झोप आणणारं तिसरं औषध. ते मेंदूपर्यंत पोचतं आणि जागं ठेवणाऱ्या यंत्रणेलाच थोपटून निजवतं. शिवाय ते लवकर उतरतही नाही, निम्मं औषध शरीरातून जायलाच वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणजे मी रोज रात्री गोळी घेत होते तेव्हा आदल्या दिवशीची अजून शिल्लकच असायची, तिच्यावर नवी. गणिताच्या बाईला हे सांगायला डॉक्टर लागावा!

"पण मला झोप आल्यासारखं वाटतच नाही," मी म्हटलं.

"तेच तर. जांभई येत नाही, डोळे मिटत नाहीत. पाय उशिरा हलतो."

त्यांनी गोळी बदलून दिली, फेक्सोफेनाडिनची. ही मेंदूत फारशी शिरत नाही, त्यामुळे सुस्ती आणत नाही म्हणाले. तरी पहिले दोन दिवस स्टिअरिंगला हात लावू नका, तुमचं तुम्ही बघा कसं वाटतं ते. खोकल्याच्या काही औषधांचं, झोपेच्या नि घाबरल्यावर घ्यायच्या गोळ्यांचं, बस लागू नये म्हणून घेतात त्या गोळीचंही असंच. सासऱ्यांच्या साखरेच्या गोळ्यांचा धोका वेगळा, त्यात झोप नाही, पण जेवायला उशीर झाला की साखर उतरते आणि माणूस बोलता बोलता गोंधळतो. आयुर्वेदिक आसव-अरिष्टांत तर आंबवताना तयार झालेलं अल्कोहोलच असतं, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. हे ऐकून सासूबाईंना जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही. गेली तीस वर्षं त्या जेवणानंतर न चुकता दोन चमचे घेतात आणि आयुष्यात कधी दारूच्या बाटलीला हात लावला नाही असं अभिमानाने सांगतात.

दोन दिवस क्लासला दांडी मारली आणि कायदा काय म्हणतो ते वाचत बसले. मोटार वाहन कायदा 1988 चा, त्यातलं 185 वं कलम. त्याचे दोन भाग आहेत. पहिला दारूचा, त्याला आकडा आहे: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. दुसरा मादक द्रव्यांचा, त्याला आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असला की झालं. दंड दोन्हींना तोच. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलं तर 15,000 किंवा 2 वर्षांपर्यंत किंवा दोन्ही. पोलिस लायसन्स काढून घेऊन आरटीओकडे पाठवतात, ते निलंबित होतं ते वेगळंच. माझी सर्दीची गोळी त्या दुसऱ्या भागात बसते की नाही, यावर वकील खुशाल भांडोत. शेजारचं 184 वं कलम धोकादायक गाडी चालवण्याचं आहे, आणि ट्रॉलीखाली गेल्यावर मी कोणती गोळी खाल्ली होती याने काय फरक पडला असता?

माझी एक मावसबहीण ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात राहते. तिच्या मुलानेही याच सुमारास गाडी शिकायला घेतली. तिकडे एलची पाटी लावलेल्या शिकाऊला आणि लायसन्स मिळाल्यावर काही वर्षं पीची पाटी लावून चालवणाऱ्याला दारूची मर्यादा शून्य. आपल्याकडे शिकाऊ आणि जुना असा भेद नाही, 30 चा आकडा सगळ्यांना सारखा. मला विचाराल तर हे चुकीचं आहे. जुन्या माणसाचा पाय सवयीने तरी ब्रेकवर जातो. माझ्या पायाला अजून सवयच नव्हती.

नवी गोळी मानवली. क्लास पुन्हा सुरू झाला, हाफ क्लच जमला, आकाशवाणी चौकात गाडी बंद पडायची ती सातऐवजी दोन वेळा पडू लागली. आणि मग आली भरीत पार्टी.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, हिवाळ्यात आमच्याकडे लग्नापेक्षा भरिताची आमंत्रणं जास्त असतात. नणंदेचं शेत यावल तालुक्यात, बामणोदच्या अलीकडे. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यावर हिरवी-पांढरी लांब वांगी भाजतात, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतात आणि केळीच्या पानावर कळण्याच्या पुरीबरोबर वाढतात. बायका-पोरं जाळाभोवती, आणि पुरुषमंडळी जरा लांब, विहिरीच्या पलीकडे. पलीकडे काय चाललेलं असतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

रात्री दहाला निघायची वेळ झाली. हे आले ते हसतमुख, डोळे जरा चमकदार. नणंदेचे मिस्टर त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "वहिनी, आता काय काळजी? तुमच्याकडे लायसन्स आहे ना! तुम्ही चालवा, हा बसेल शेजारी. पोलिसांनी अडवलं तरी चालवणारी तुम्ही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. विचार करा, किती सोयीचं! दारू प्यायलेला चालवत नाही, चालवणारी दारू प्यायलेली नाही. मीही किल्ली घेतली होती हातात. तेवढ्यात गाडीवरची पाटी दिसली, 18 सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकोनात लाल एल.

नियम 3. लर्निंगवाल्याने गाडी चालवताना शेजारी शिकवणारा म्हणून पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. त्या माणसाने प्यायलेली नसावी असं त्या ओळीत स्वतंत्रपणे लिहिलेलं नाही. पण तो तिथे बसवायचा कशाला? माझा पाय हलला नाही तर त्याचा हात हँडब्रेकवर जावा म्हणून. शिरसोली रोडवर तो पाय सरांचा होता. इथे ज्यांचा असणार होता ते बुटाची नाडी बांधायला वाकले ते चटकन सरळ होईनात.

"मी नाही चालवणार," मी म्हटलं. "यांना शेजारी बसवून तर नाहीच."

"अगं, मी ठीक आहे. तीनच घेतले."

"लहान की मोठे?"

हा प्रश्न बायकोने चारचौघांत विचारायचा नसतो, हे मला मान्य आहे. पलीकडून कुणीतरी फिसकन हसलं. "मोठे," हे म्हणाले.

मग मी तिथेच, जाळाच्या उजेडात, तोंडी हिशोब केला. मोठा पेग 60 मिलिलिटरचा, व्हिस्की 42.8 टक्के, म्हणजे एका पेगात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या गड्याच्या रक्तात त्याचे ढोबळमानाने 40 मिलिग्रॅम होतात. एकाच पेगात 30 ची रेघ पार. तीन पेगांचे 120. शरीर ताशी सुमारे 15 ने उतरवतं, मग अंघोळ करा, लिंबू पिळा की काळा चहा प्या, तो वेग वाढत नाही. 120 वरून 30 वर यायला सहा तास.

"पहाटे चारला तुम्ही शेजारी बसायच्या लायकीचे व्हाल," मी म्हटलं.

नणंदेचे मिस्टर चिडले. त्यांना तो त्यांच्या पाहुणचाराचा अपमान वाटला असावा. "आम्ही इतकी वर्षं जातोय-येतोय, वहिनी. काही झालं का?" यावर उत्तर देत बसले नाही. अशा वाक्याला उत्तर नसतं, आणि शेतात अंधारात वाद घालून नणंदेचं घर तोडायचं नव्हतं. एवढंच म्हटलं की प्यायलेल्याला गाडी चालवायला भरीस घालणाऱ्यालाही कायद्यात तीच शिक्षा आहे, कलम 188. त्यावर ते गप्प झाले, पण पटून नव्हे.

वाट निघाली ती भाच्याकडून. नणंदेचा मोठा मुलगा, वय 22, पक्कं लायसन्स दोन वर्षांपूर्वीचं, आणि पोलिस भरतीची तयारी चालू असल्यामुळे विहिरीपलीकडे न गेलेला एकमेव पुरुष. तो म्हणाला, "मामी, मी बसतो तुमच्याजवळ. जळगावला झोपेन आणि सकाळच्या एसटीने येईन."

असे निघालो. मी स्टिअरिंगवर, भाचा शेजारी हात हँडब्रेकजवळ ठेवून, आणि आमचे साहेब मागच्या सीटवर आडवे. रात्री चारचाकी चालवायची माझी पहिलीच वेळ. केळीच्या ट्रकांचे दिवे समोरून आले की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. भाचा हळू आवाजात सांगायचा, "मामी, डावीकडची पांढरी पट्टी बघा, दिव्याकडे नका बघू." भुसावळला तापीचा पूल लागला तेव्हा माझे तळहात इतके घामेजले होते की साडीला पुसायला एकेक करून उचलावे लागले. हायवेवर ताशी चाळीसच्या वर गेले नाही. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. साहेब जागे झाले ते थेट इच्छादेवी चौकात, आणि पहिलं वाक्य काय, तर "क्लचवर पाय ठेवून का चालवतेस?"

पक्क्या लायसन्सची परीक्षा त्यानंतर दहा दिवसांनी झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. लर्निंगला तीस दिवस होऊन गेले होते, निरीक्षकांनी गाडी पुढे-मागे घ्यायला लावली, मागे घेताना एकदा थांबले, पास झाले. माझ्या मागच्या नंबरचा मुलगा धीर यावा म्हणून कसली तरी गोळी खाऊन आला होता आणि ते मित्राला कौतुकाने सांगत होता. मी त्याच्याकडे वळून बघितलं. बाईंची नजर आहे ती, वर्गात चालते, आरटीओच्या मैदानात तिचा काही उपयोग झाला नाही.

31 डिसेंबरला ह्यांच्या मित्राकडे जेवण होतं. आता वाटणी ठरलेली: ते पिणार, मी चालवणार, आणि आता शेजारी कोण बसलंय त्याने अडत नाही. रात्री बाराच्या पुढे अजिंठा चौफुलीच्या अलीकडे नाकाबंदी. बॅरिकेड, विजेऱ्या, एका बाजूला उभ्या केलेल्या सात-आठ मोटारसायकली. हवालदार आले ते सरळ डाव्या काचेशी, ह्यांच्याकडे. यंत्र पुढे केलं, "साहेब, फुंका."

"गाडी ह्या चालवताहेत," हे म्हणाले. आवाजात किती निरागसपणा!

हवालदारांनी विजेरी माझ्याकडे वळवली, मग स्टिअरिंगकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वळसा घालून उजवीकडे आले. नळी नवी लावली, पाकीट माझ्यासमोर फोडून. मी फुंकलं. नीट जमलं नाही, यंत्र कुरकुरलं. "ताई, फुगा फुगवता तसं, थांबू नका मध्ये." दुसऱ्यांदा जमलं. शून्य.

"लायसन्स?"

मोबाइलवर दाखवलं. तारीख बघून म्हणाले, "दोन आठवडे झाले फक्त?"

"हो."

"औषध-बिवषध काही चालू आहे का?"

त्यांनी हे का विचारलं मला ठाऊक नाही. कदाचित माझं नाक लाल दिसलं असेल. पण तीन महिन्यांच्या या सगळ्या प्रवासात, अर्जापासून परीक्षेपर्यंत, काही बिघडायच्या आधीच कुणीतरी आपणहून हा प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी गोळीचं नाव सांगितलं, ही झोप आणत नाही, डॉक्टरांनी बदलून दिलीय, तेही सांगितलं. त्यांना एवढं पुराण अपेक्षित नसावं. "बरं बरं, जा सांभाळून," म्हणत त्यांनी हात हलवला.

तेवढ्यात हे खिडकीतून वाकून म्हणाले, "हवालदारसाहेब, माझंही बघा ना किती येतंय. सहज, माहितीसाठी."

"साहेब, मागे रांग लागलीय," हवालदार म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

चौफुली ओलांडल्यावर हे गप्प होते. मग विचारलं, "अंदाजे किती आलं असतं गं?"

"किती घेतले?"

"दोन. मोठे. दुसरा अकराला संपवला."

साधारण 80, एखाद तासाचे 15 गेले, राहिले 65. तीसच्या खाली यायला अजून जवळजवळ अडीच तास, आणि पेग यजमानांनी ओतलेला, तो 60 चाच होता याची खात्री कोण देणार. सकाळी साडेसहाला सासूबाईंना आणायला भुसावळ स्टेशनवर जायचं होतं. घरी आल्यावर ह्यांनी सवयीने किल्ली घेण्यासाठी हात पुढे केला, मग स्वतःच मागे घेतला आणि म्हणाले, "पाचचा गजर लावतेस ना?"